माशीनं मासा: साताऱ्या-सांगलीच्या पाण्यावर फ्लाय बांधायला, फेकायला आणि कॅमेऱ्यात टिपायला शिकताना

उरमोडी धरणाच्या फुगवट्यावर मी पहिल्यांदा फ्लाय रॉड घेऊन उभा राहिलो, तेव्हा शेजारी एक आजोबा शेंगपेंडीचा गोळा गरीला लावून निवांत बसले होते. मी तासभर हवेत दोरी फिरवत होतो. शेवटी त्यांना राहवेना. "पावनं, मासं धरताय का डास हाकलताय?" त्या दिवशी त्यांच्या पिशवीत चार चिलापी गेल्या. माझ्या खात्यात एक बाभळीची फांदी आणि कानाला लागलेला ओरखडा.

त्याला आता काही वर्षं झाली. मधल्या काळात पैसे, पिसं आणि एक मोबाईल घालवून जे शिकलो, ते क्रमानं लिहितोय. इंग्रजीत जिला फ्लाय म्हणतात तिला मी माशीच म्हणेन: गळावर पिसं, लोकर, तार गुंडाळून केलेला खोटा किडा. तिला वजन जवळजवळ नसतं. म्हणून इथे वजन दोरीला असतं आणि दोरी माशीला ओढून नेते. साध्या गळात याच्या उलट असतं.

आणि ट्राउटचं डोक्यातून काढून टाका. ट्राउटला थंड पाणी लागतं. तो काश्मीर, हिमाचल, निलगिरी, मुन्नारकडे. आपल्याकडे चिलापी, मरळ, शिंगटा, रोहू-कटला, आणि नशीब असेल तर खडस, म्हणजे दख्खनी महसीर.

१. आधी पाणी ठरवा, सामान नंतर

मी उलटं केलं. रॉड आधी घेतला आणि मग लक्षात आलं की जिथे जायचं ठरवलं होतं तिथे मासेमारीच चालत नाही.

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प होतो. त्या हद्दीत गळ टाकायचा विचारही नको. कास तलाव सातारा शहराच्या पिण्याच्या पाण्याचा आहे, तोही सोडा. वाईच्या, माहुलीच्या किंवा कुठल्याही घाटावर रॉड काढू नका. लोक तिथे माशांना चुरमुरे टाकतात, त्यांच्यासमोर तुम्ही मासा ओढलात तर भांडण होणार आणि चूक तुमचीच असणार.

धरणांच्या जलाशयातली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्यानं असते. धोम, कण्हेर, उरमोडी कुठेही जा, आधी काठावरच्या गावात जाऊन संस्थेचं कोण आहे ते विचारा. सोबत हे असू द्या:

- आधार कार्ड किंवा दुसरं ओळखपत्र
- संस्थेनं दिली तर पावती, नाहीतर ज्यानं "टाका की" म्हटलं त्याचं नाव आणि नंबर
- "मासे सोडून देणार" हे आधीच सांगायची तयारी. निम्मा संशय तिथेच संपतो.

धरणाच्या भिंतीवर आणि दरवाजांपाशी कॅमेरा बाहेर काढू नका. तिथे फलक लावलेले असतात, आणि गळ्यात मोठी लेन्स लटकवलेला माणूस पहारेकऱ्याला लांबूनच दिसतो.

शिकायला सगळ्यात उत्तम जागा म्हणजे शेततळं. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे द्राक्ष-डाळिंबाच्या बागांत मोठी तळी आहेत, बऱ्याच ठिकाणी मासे सोडलेले असतात. शेतकऱ्याला विचारून जा. पण प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं तळं दिसतं तेवढं साधं नसतं. ओल्या कागदावरून पाय घसरला की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. काठावर खांबाला गाठी मारलेला दोर बांधून आत सोडल्याशिवाय उतारावर पाय ठेवू नका, आणि एकटे जाऊ नका.

सांगलीकडची कृष्णा सुंदर आहे, पण भिलवडी, औदुंबर ते सांगली या पट्ट्यात मगरी आहेत. परदेशी व्हिडिओंत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून फेकतात, ते इथे अजिबात करायचं नाही. उन्हाळ्यात मगरी काठावरच्या मातीत घातलेली अंडी राखत असतात, तेव्हा गवताळ काठावर बसकण मारणंही टाळा. कराडच्या आसपास, आणि जिथे जिथे वर धरण आहे तिथे, पाणी सोडलं की पातळी बघता बघता चढते. पाण्याच्या कडेला एक दगड खुणेला धरून ठेवा. तो बुडला की सामान उचला.

२. सामान: काय विकत, काय गावात

विकत घ्याच असं चारच: नऊ फुटी पाच नंबरचा रॉड, त्याच नंबरची तरंगणारी दोरी, साधं रीळ, आणि माशी बांधायचा शिकंजा, ज्याला वाइस म्हणतात. रॉडचा आणि दोरीचा नंबर जुळलाच पाहिजे. नवख्यांचा पहिला खड्डा हाच. रिळावर पैसे उधळू नका, या माशांसाठी ते दोरी गुंडाळून ठेवायचं डबडं आहे.

दोरीच्या टोकाला जोडायचा लीडर, म्हणजे माशीकडे बारीक होत जाणारा नायलॉन, घरी करा. ०.४० मिलिमीटरचा नायलॉन चार फूट, ०.३० चा तीन फूट, ०.२० चा दोन फूट, एकमेकांना दुहेरी फासानं जोडलेले. गाठ आवळण्याआधी थुंकीनं ओली करा. कोरडी आवळलेली गाठ तापते आणि नेमकी मासा लागल्यावर सुटते.

बाकी सगळं आपल्या बाजारपेठेत आहे:

- पिसं: गावठी कोंबडा सोलणाऱ्या चिकनवाल्याकडे आधी सांगून ठेवा. मानेची लांब पिसं वेगळी, आणि बुडाशी कापसासारखा मऊ भाग असलेली वेगळी. साबणाच्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा.
- तांब्याची बारीक तार: शेतीपंपाच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्याकडे. मूठभर तुकडे तो असेच देतो.
- चमक: जुन्या साडीच्या काठाची जर.
- लोकर: विणकामाची चालते, पण माणदेशातल्या घोंगडीचा सुटा धागा पिंजून घेतला तर त्याला जो मळकट तपकिरी रंग असतो तो दुकानात मिळत नाही.
- तरंगणारा फोम: कटलरीच्या दुकानातला रंगीत फोमचा कागद, किंवा घासलेली स्लिपर.
- भिंग आणि चिमटा: सोनाराकडे चौकशी करा. विटा-खानापूरकडे ओळखीत एखादा गलाईवाला, म्हणजे सोनं-चांदी गाळणारा, निघतोच, त्यानं मला जुनं भिंग सहज दिलं.
- दाभण: गळाच्या डोळ्यात, म्हणजे नायलॉन ओवायच्या भोकात, अडकलेलं वार्निश काढायला. वार्निश म्हणजे बिनरंगी नेलपॉलिश.

दोरा मात्र माशी बांधायचाच मागवा. मी शिलाई मशिनचा वापरला. तो जाड, त्यामुळे माझ्या पहिल्या वीस माश्यांची डोकी वाटाण्याएवढी झाली.

मोरपीस आणि रानकोंबड्याचं पीस यांच्या नादी लागू नका. युरोपात सामन (सॅल्मन) माशासाठी बांधायच्या जुन्या माश्यांना आपल्या राखी रानकोंबड्याच्या मानेची ठिपकेदार पिसं डोळ्यासारखी लावायचे, त्यामुळे जुन्या कृती वाचल्या की मोह होतो. दोन्ही पक्षी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतात. कोंबड्यावर भागतं.

आणि पिसांच्या डब्यात डांबराच्या गोळ्या टाका. माझ्या पहिल्या वर्षाच्या सगळ्या पिसांना कसर लागली. डबा उघडला तर आत नुसत्या काड्या.

३. पहिली माशी

पहिली माशी वुली बगर. ती कशासारखी दिसते हे नक्की सांगता येत नाही: जळू, माशाचं पिल्लू, चतुराची अळी, जे समजाल ते. म्हणूनच ती जवळजवळ कुठेही चालते. गळ आठ नंबरचा. गळाचा नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, हे एकदा डोक्यात बसवा. मी बारा नंबर मोठा समजून मागवले होते.

१. पकडीनं गळाचा उलटा काटा दाबून सपाट करा. मासा सोडताना त्याचे आणि तुमच्या बोटात घुसला तर तुमचे, दोघांचे हाल वाचतात.

२. गळ शिकंजात आडवा पकडा. डोळ्यामागे दोरा त्याच्याच वर सहा-सात वेढे घेऊन अडकवा, सुटं टोक कापा आणि दांडी जिथे वाकते तिथपर्यंत वेढे न्या.

३. शेपटी: बुडाच्या मऊ पिसांची चिमूट, दांडीएवढी लांब. मऊ वेढा, मग घट्ट वेढा.

४. त्याच जागी तांब्याची तार बांधा, मग लोकर. तार मागे लोंबू द्या. लोकर पुढे गुंडाळत या आणि डोळ्याच्या अलीकडे दोन मिलिमीटर जागा मोकळी सोडा. इथेच सगळे फसतात. लोकर डोळ्यापर्यंत नेली की पुढे पीस बांधायला, डोकं करायला जागाच उरत नाही, आणि शेवटी नायलॉन ओवायला डोळाही सापडत नाही.

५. मानेचं पीस पुढच्या बाजूला बांधा आणि मोकळे पाच-सहा वेढे घेत शेपटीकडे न्या. आता मागे लोंबणारी तार पिसाच्या टोकावरून घेऊन, केसांमधून वाट काढत, पुढे आणा. पीस जागच्या जागी जखडतं. मरळीचे दात लागले तरी उसवत नाही.

६. तार बांधा, पिळून तोडा, पिसाचं उरलेलं टोक कापा. दोऱ्याचं छोटं डोकं करा. शेवटची गाठ मारायचं अवजार नसेल तर बॉलपेनचं रिकामं नळकांडं घ्या: दोऱ्याचा फास त्याच्या टोकावर घ्यायचा, गळाच्या डोळ्यावर टेकवून सरकवायचा. असे तीन फास. वर नेलपॉलिशचा थेंब.

सुरुवातीला दोरा मुद्दाम ओढून पाच वेळा तोडा. कुठे तुटतो ते बोटांना कळलं की त्याच्या जरा अलीकडे थांबायला जमतं. आणि एकाच प्रकारच्या बारा माश्या बांधा. बारा प्रकारांची एकेक बांधणारे वर्षभर नवशिकेच राहतात. माझे तीन मित्र साक्षीला आहेत.

४. फेक मैदानावर शिका

गळाऐवजी लोकरीचा लाल तुकडा बांधून मोकळ्या मैदानावर जा. टोपी आणि चष्मा तेव्हाही घाला, सवय लागते.

हाताची हालचाल भिंतीत खिळा ठोकल्यासारखी: हळू सुरुवात, वेग, आणि एकदम थांबा. आधी मागे, मग पुढे. मागे थांबल्यावर दोरी पाठीमागे पूर्ण सरळ होईपर्यंत वाट बघायची. ती वाट कुणी बघत नाही. मागून आसूड ओढल्यासारखा फटकारा ऐकू आला, की घाई झाली आणि माशी तुटून गेली समजा. मान वळवून मागची दोरी बघायला काहीच लाज नाही. किंवा मोबाईल तिपाईवर ठेवून बाजूनं संथ गतीचा व्हिडिओ घ्या. मनगट कुठे ढिलं पडतं ते पाच मिनिटांत दिसतं. मला ते आजोबांच्या टोमण्यांनी सहा महिन्यांत कळलं.

५. कॅमेरा आधी किड्यांवर

आता माझा खरा मुद्दा. बहुतेक जण कॅमेरा नेतात तो मासा हातात धरून फोटो काढायला. मासा महिन्यातून दोनदा लागतो, कॅमेरा मात्र रोज उपयोगी पडू शकतो, कारण माशी कशी बांधायची हे पाण्यातले किडे सांगतात आणि किडे थांबत नाहीत, फोटो थांबतो.

पांढरी प्लॅस्टिकची थाळी, सहा इंची पट्टी आणि जुना दात घासायचा ब्रश घ्या. ओढ्याच्या खळाळत्या, उथळ जागेतला दगड उचला, उलटा करून थाळीत धरा, ब्रशनं हलकेच झटका. बोटभर पाण्यात जे वळवळेल त्याचा पट्टीसकट वरून फोटो घ्या. ढगाळ उजेड किंवा स्वतःची सावली. कडक उन्हात पांढरी थाळी डोळे दिपवते आणि किडा काळा ठिपका होतो.

काय दिसेल? सडपातळ अंग आणि शेवटाला पानांसारखे तीन पंखे असले तर ती टाचणीची, म्हणजे चतुराच्या सडपातळ भावंडाची, अळी. आखूड, जाड, पंख्यांशिवाय असेल तर चतुराची. शेवटाला दोऱ्यासारख्या बारीक शेपट्या आणि पोटाच्या कडेला हलणारे कल्ले असतील तर मेफ्लाय नावाच्या नाजूक पंखांच्या किड्याची. वाळूचे कण चिकटवून केलेल्या नळीत बसलेली दिसली तर कॅडिस नावाच्या पतंगासारख्या किड्याची. फोटो झाला की दगड आणि किडे जिथले तिथे.

घरी फोटो मोठा करून आधी लांबी मोजा, मग रंग. मी विकत आणलेल्या माश्या सगळ्या शेवाळी हिरव्या होत्या. आपल्या काळ्या कातळावरच्या ओढ्यांतल्या अळ्या माझ्या फोटोंत जवळजवळ सगळ्या तपकिरी-काळ्या निघाल्या, आणि अंदाजापेक्षा निम्म्या लांबीच्या. घोंगडीचा धागा तेव्हापासून आला. त्यानंतर पहिल्याच रविवारी कण्हेरला चिलापी लागल्या. योगायोगही असेल, पण मी लोकरीलाच श्रेय देतो.

पाण्याबाहेरचेही टिपा. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी वाळवीची पाखरं उठतात, काठाच्या गवतात नाकतोडे असतात, बाभळीवरून मुंगळे पडतात. या तिन्ही माश्या स्लिपरच्या फोमच्या होतात.

६. बांधलेल्या माशीचा फोटो

मागे राखाडी पुठ्ठा. पांढरा ठेवला तर कॅमेरा फसतो आणि माशी काळपट येते. टेबलाचा दिवा एका बाजूनं, त्याच्यासमोर बटर पेपर, दुसऱ्या बाजूला साधा पांढरा कागद उजेड परतवायला. मोबाईल अगदी नाकाशी नेऊ नका. थोडं मागे राहून दुप्पट झूम करा, नाहीतर डोकं मोठं आणि शेपटी धूसर दिसते. कॅमेरा असेल तर लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) एफ ८ ते ११, तिपाई, दोन सेकंदांचा टायमर.

दुसरा फोटो कुणी काढत नाही आणि तोच महत्त्वाचा: माशी नायलॉनला बांधून काचेच्या पेल्यात पाण्यात सोडा आणि बाजूनं टिपा. कोरडी असताना गुबगुबीत दिसणारी माशी ओली झाली की काडीसारखी होते. माशाला दिसते ती ही. माझ्या निम्म्या माश्या पेल्यात नापास होतात.

प्रत्येक माशीला नंबर द्या आणि वहीत नंबर, गळ, साहित्य, पाणी, तारीख लिहा.

७. काठावर

रॉड आणि कॅमेरा एकाच वेळी हातात नको. धोमच्या फुगवट्यावर डाव्या हातात चिलापी, उजव्या हातात मोबाईल, असा मी उभा होतो. मासा उसळला, मी त्याला धरायला गेलो. मासा गेला, मोबाईलही गेला. तेलही गेलं, तूपही गेलं. आता पहिला तास फक्त रॉड, कॅमेरा पिशवीत. मग एक फेकतो आणि एक टिपतो, आलटून पालटून. एकटा असलो तर तिपाई आणि दर दोन सेकंदाला आपोआप फोटो.

हवेतल्या दोरीचा फोटो हवा असेल तर सकाळी, ऊन समोरून येत असताना, मागे सावलीतला डोंगर ठेवून घ्या. उरमोडीला सज्जनगडाची बाजू अंधारात असते तेव्हा दोरीवरचे थेंब चमकतात. शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद, आणि एकामागून एक दहा-बारा फोटो.

पाण्यावरची चकाकी घालवायला पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावायचा एक फिल्टर, हवा. पाण्याशी साधारण ३७ अंशांच्या तिरक्या नजरेनं तो सर्वांत चांगला चालतो. सरळ खाली वाकून बघितलं तर फारसा फरक पडत नाही. तसलाच गॉगल डोळ्यांवर असला की मासे आधी दिसतात, फेक नंतर होते. मात्र तो गॉगल घालून मोबाईल आडवा धरला की पडदा कधीकधी काळा दिसतो. मी एकदा मोबाईल बिघडला म्हणून दुकानात नेला होता.

८. मासा लागल्यावर

हात आधी ओले करा. मासा पाण्यातच ठेवा, फोटो काढणाऱ्यानं आधी फोकस जमवावा, मग मासा दोन-चार सेकंद वर उचला आणि परत पाण्यात. अंगावरून पाणी टपकतंय तोवर फोटो. डोळ्यावर फोकस. मासा कॅमेऱ्याकडे पुढे करून मोठा दाखवायचा खटाटोप नको, बघणाऱ्याला कळतं.

चिलापीच्या पाठीचे काटे डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवत दाबायचे. शिंगट्याला पाठीवर आणि दोन्ही बाजूंना काटे असतात, टोचले तर हात दिवसभर ठणकतो. मरळीच्या तोंडात बोट घालू नका.

खडस लागला तर सोडायचाच. चिलापी परकी; मोझांबिकची चिलापी भारतात १९५२ साली आणली गेली आणि मग पसरली. ती संस्थेच्या परवानगीनं घरी न्यायला माझी हरकत नाही, रस्साही बरा होतो.

फोटो टाकण्याआधी मोबाईलचं लोकेशन बंद करा. खडस असलेल्या डोहाचा पत्ता फुटला की जिलेटिनचे बार घेऊन येणारे येतात. मागे ओळखीचा पूल, देऊळ, सुळका असेल तर फोटो तसा कापा.

९. घरी आल्यावर

ओल्या माश्या डबीत बंद करू नका. थर्माकोलवर टोचून रात्रभर वाळवा, नाहीतर गळ गंजतात. कॅमेऱ्याच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, नव्या बुटांच्या खोक्यातल्या चालतात. दोरी ओल्या फडक्यातून ओढून पुसा, मळकी दोरी बुडते.

माझ्या वहीत ३१ नंबरची माशी उंबराची आहे. काठावरच्या उंबराची पिकली फळं पाण्यात टपटपतात आणि खालून मासे ती घेतात. मी फळाचा, पाण्यावरच्या वर्तुळाचा, उरलेल्या सालीचा, सगळ्यांचे फोटो घेतले. लाल-नारिंगी फोम गोल कातरून सात वेळा बांधली. पहिल्या तीन पेल्यातच आडव्या पडल्या. पुढच्या चार नीट तरंगल्या, पण एकीलाही अजून मासा लागलेला नाही. आठवी शिकंजात आहे. आजोबा म्हणतात, खरंच उंबर लावा की.